मदत हवी आहे: हाताने केलेली पोस्टकार्डे 'नॉटपेड' का ठरत आहेत?

खणनक्षी
नमस्कार. आम्ही काही चित्रकार मंडळी दर ऋतूला एकमेकांना हाताने केलेली पोस्टकार्डे पाठवतो. यादीतील प्रत्येकाने इतर सर्वांना एकेक कार्ड पाठवायचे आणि ते पाकिटात न घालता उघडेच पाठवायचे, एवढाच आमचा नियम आहे. या फेरीचा विषय 'ओल' असा आहे. मी पाठवलेली नागपूर, मडगाव आणि बडोदा येथील कार्डे 'नॉटपेड' (म्हणजे तिकीट अपुरे) ठरवून पोस्टमनने पैसे घेऊन दिली, आणि एका ज्येष्ठ चित्रकारांच्या घरच्यांनी पैसे देण्यास नकार दिल्याने एक कार्ड माझ्याकडे परत आले. जर्मनीतील मैत्रिणीला मात्र ते कोणत्याही आकारणीविना मिळाले. तिकिटे नियमाप्रमाणेच लावली होती. टपाल कार्यालयात चौकशी केली तेव्हा "पाकिटात घाला" यापलीकडे उत्तर मिळाले नाही. उरलेली कार्डे याच आठवड्यात रवाना झाली नाहीत, तर पुढच्या फेरीच्या यादीतून माझे नाव कमी होईल. काय करावे ते कृपया लवकर सांगावे.

टपालवेडा
ताई, लवकर सांगण्यासाठी आधी थोडे कळायला हवे. कार्डाची लांबी-रुंदी किती, वजन किती, त्यावर काही चिकटवले आहे का, आणि 'नियमाप्रमाणे' म्हणजे नेमकी किती किमतीची तिकिटे लावली?

शाईदौत
टपाल कार्यालयाने योग्य तेच सांगितले आहे. पाकिटात घालावे, पाच रुपयांचे तिकीट लावावे आणि विषय संपवावा. मी गेली कित्येक वर्षे माझी शाईची रेखाटने अशीच पाठवतो आणि आजवर एकाही कार्डाला ओरखडा पडलेला नाही.

खणनक्षी
पाकिटाचा प्रश्न मी विचारलेलाच नाही. कार्ड उघडे जायला हवे, हे वर स्पष्ट लिहिले आहे. तिकीट पोस्टकार्डाला लागते तेच, म्हणजे पन्नास पैशांचे, लावले होते आणि आकारही पोस्टकार्डाचाच आहे.

रेषाबद्ध
पाकिटाचा आग्रह धरणाऱ्यांना मेल आर्टचा, म्हणजे टपालाने पाठवायच्या कलेचा, गाभाच कळलेला नसतो, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. टपालाचा प्रवास, त्यावर उमटणारे शिक्के, दुमडलेले कोपरे हा सगळा त्या कामाचाच भाग असतो. ओन कावारा या जपानी चित्रकाराने १९६८ ते १९७९ या काळात परिचितांना रोज दोन चित्र-पोस्टकार्डे पाठवली आणि आपण त्या दिवशी किती वाजता उठलो, एवढेच त्यांवर रबरी शिक्क्याने उमटवले. ती कार्डे पाकिटात घालून पाठवली असती, तर टपालाचा दिनांकाचा शिक्का पाकिटावरच राहिला असता, आणि कावाराच्या वेळेला साक्षीदार उरला नसता.

शाईदौत
कावारा छापील चित्रांची कार्डे विकत घेऊन पाठवत होता. आठवडाभर खपून रंगवलेले चित्र नव्हे. आपल्या जलरंगातल्या आभाळाच्या मध्यभागी काळा शिक्का बसल्यावर त्याला कलेचा भाग म्हणणे ज्याला जमते त्याने जरूर म्हणावे.

टपालवेडा
आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. ताई, पोस्टमनने प्रत्येकाकडून किती रुपये घेतले?

खणनक्षी
नागपूरच्या सरांनी नऊ रुपये दिले. बडोद्यालाही नऊच. मडगावचे विचारले नाही.

टपालवेडा
म्हणजे उलगडा झाला. अपुरे तिकीट असलेल्या टपालावर जेवढी रक्कम कमी असेल तिच्या दुप्पट आकारणी पत्र घेणाऱ्याकडून होते. साध्या पत्राचा दर पहिल्या वीस ग्रॅमला पाच रुपये आहे. त्यातून तुमचे पन्नास पैसे वजा केले की साडेचार रुपये उरतात आणि त्याची दुप्पट नऊ होते. याचा अर्थ वर्गीकरण करणाऱ्याने तुमचे कार्ड पोस्टकार्ड म्हणून स्वीकारलेच नाही, पत्र म्हणून मोजले. हा एका माणसाचा लहरीपणा असता, तर दोन गावांत दोन वेगळे आकडे आले असते. आता कृपया पट्टी घेऊन कार्ड मोजा. 'पोस्टकार्डाचाच आकार' हे उत्तर पुरेसे नाही, कारण दुकानात मिळणारी भेटकार्डे आणि टपाल खात्याच्या लेखी असलेले पोस्टकार्ड यांत बरेच अंतर आहे.

पिनकोडप्रेमी
पत्त्यात पिनकोड होता ना? पिनकोड नसल्यामुळे असे प्रकार होतात. या निमित्ताने सांगतो, की १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली आणि ते संस्कृतचे नामवंत कवीही होते. आपल्या लोकांना हे माहीत नसते.

खणनक्षी
पिनकोड होता. नसता तर कार्ड पोहोचून पैसे मागितले गेले नसते. मोजले: १७ बाय १२ सेंटिमीटर.

टपालवेडा
टपाल खात्याचे स्वतःचे पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचे असते. खासगी कार्ड त्याहून थोडे मोठे चालते, पण साधारण १५ बाय १०.५ पर्यंतच. आंतरराष्ट्रीय नियम सैल आहेत. तेथे १२ बाय २३.५ सेंटिमीटरपर्यंत मुभा आहे, शिवाय लांबी रुंदीच्या सुमारे १.४ पट तरी असावी लागते. तुमचे कार्ड या दोन्ही अटींत जेमतेम बसते, म्हणून जर्मनीचे कार्ड सुखरूप गेले असावे. तेच कार्ड देशात मात्र मोठे ठरते. तुम्हाला विरोधाभास वाटत होता तो येथे सुटतो.

खणनक्षी
जर्मनीच्या कार्डावर काउंटरवरील बाईंनी सांगितली तेवढी तिकिटे लावली होती. देशातली कार्डे मी थेट पेटीत टाकली. पण आमच्या गटातील दुसऱ्या एका चित्रकर्तीची कार्डेही एवढीच मोठी असतात आणि तिच्यावर कधीच आकारणी होत नाही. मग हा आकाराचा नियम सर्वांना सारखा का नाही?

मडगावकर
मी याच देवाणघेवाणीत आहे आणि ते कार्ड आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे, म्हणून लिहितो. ताईंनी लिहायचे राहून गेलेले असे, की कार्डाच्या चित्राच्या बाजूला हिरव्या खणाचा त्रिकोणी तुकडा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला आहे आणि त्याच्या काठाला तांबड्या मातीचा थर आहे. मागच्या बाजूला, पत्त्याच्या शेजारीच, त्या दोऱ्याची गाठ वर आलेली आहे. माझ्याकडे आले तेव्हा खणाचा एक कोपरा उसवला होता, दोन धागे लांब ओढले गेले होते आणि माती तिकिटावर उतरली होती. कार्ड अतिशय सुंदर आहे आणि मी पैसे आनंदाने दिले. परंतु अशी गाठ असलेले कार्ड गठ्ठ्यातील इतर पत्रांत अडकणार, हे उघड आहे.

टपालवेडा
कापड शिवले आहे ही गोष्ट पहिल्याच प्रतिसादात कळली असती, तर इतके लिहावे लागले नसते. पोस्टकार्डाला तिकीट आणि पत्त्याची चिठ्ठी यांखेरीज काही जोडू नये, असा संकेत आहे. त्यामुळे आकार कमी केला तरी खणाचे कार्ड पन्नास पैशांत जाणार नाही. दुसऱ्या चित्रकर्तीची कार्डे सपाट असतील, तर ती नजरेतून सुटत असावीत एवढेच.

खणनक्षी
खण हा माझ्या कामाचा गाभा आहे, त्यामुळे त्याचा वेगळा उल्लेख करावा असे वाटले नाही. तो काढायला सांगू नये.

जलरंगी
काढू नका, पण शिवू नका. मी कापडाचे कोलाज पाठवते, तेव्हा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कापडाचा पातळ तुकडा घेते, फेविकॉल पाण्यात सैल करून कागद आणि कापड दोन्हींना लावते आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवते. काठावरचे धागे आधीच गोंदाने बसवले, म्हणजे ते उसवत नाहीत. मातीचा थर द्यायचा असेल तर तो ॲक्रिलिक माध्यमात कालवून द्यावा, कारण नुसती माती किंवा पोस्टर कलर ओलावा लागला की पुन्हा सुटतो, आणि विषय 'ओल' असला तरी ती पत्त्यावर पसरावी अशी कोणाचीच इच्छा नसावी. एक सावधगिरी मात्र बाळगावी: ॲक्रिलिकने रंगवलेली दोन कार्डे समोरासमोर दाबली गेली तर उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतात. पत्ता जलरोधक शाईने किंवा साध्या बॉलपेनने लिहावा. फाउंटन पेनची शाई पावसात टिकत नाही.

ठसेकार
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण येथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. मी लिनोकटचे, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरलेल्या चित्राचे, ठसे कार्डावर घेतो. छापील पोस्टकार्डाचा दर सहा रुपये आहे. माझे कार्ड हाताने छापलेले असले तरी 'छापील' धरले जाईल का?

शाईदौत
अर्थातच धरले जाईल. छापले ते छापील.

टपालवेडा
असे सरसकट म्हणता येणार नाही. तो दर छापून किंवा अन्य यांत्रिक पद्धतीने मजकूर काढलेल्या कार्डांसाठी आहे, आणि त्याचा रोख जाहिराती व घाऊक पत्रांवर आहे. चमच्याने घासून घेतलेला लिनोचा ठसा आणि मागे हाताने लिहिलेला मजकूर यांना तो लावावा का, याविषयी दोन काउंटरांवर दोन मते ऐकू येतील. वाद घालण्यापेक्षा सहा रुपयांचे तिकीट लावणे स्वस्त पडते. पाकिटातले पत्र पाच रुपयांत जाते आणि उघडे छापील कार्ड सहा रुपयांत, ही गंमत मात्र कोणालाही समजावून सांगता येत नाही.

शाईदौत
तरीही माझेच म्हणणे खरे ठरते: पाकीट स्वस्त आहे.

छोटीचित्रे
एवढ्या त्रासात पडण्यापेक्षा आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डे करा. ती ६४ बाय ८९ मिलिमीटरची असतात, १९९७ साली झुरिकमध्ये स्टिर्नेमान या कलाकाराने ही कल्पना सुरू केली, आणि ती प्रत्यक्ष भेटून बदलायची असतात. टपालाचा प्रश्नच उद्भवत नाही.

खणनक्षी
नागपूर, मडगाव आणि बडोद्याच्या माणसांनी प्रत्यक्ष कोठे भेटायचे?

रेषाबद्ध
मला या सगळ्यात एक गोष्ट अधिक खटकते. वेळेत कार्ड न पाठवल्यास यादीतून नाव कमी होणार, असे ताईंनी लिहिले आहे. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन या कलाकाराने १९५० आणि ६० च्या दशकांत ज्या पत्रव्यवहारातून मेल आर्टचे जाळे उभे केले, त्यात तो कागदावर "यात भर घालून परत पाठवा" असे लिहून एकाकडून दुसऱ्याकडे पाठवत असे. पुढे मेल आर्टच्या प्रदर्शनांत परीक्षक नाही, शुल्क नाही, आलेले प्रत्येक काम मांडायचे, असे संकेत रूढ झाले. त्या परंपरेत शिक्षेला जागा नाही.

मडगावकर
येथे मी असहमत आहे. प्रदर्शनाला काम पाठवणे वेगळे आणि एकास एक देवाणघेवाण वेगळी. मी यादीतील प्रत्येकासाठी कार्ड रंगवतो. समोरून एकही येत नसेल, तर पुढच्या वेळी त्या माणसासाठी रात्र जागवण्याचे कारण उरत नाही. मुदत हवीच. मात्र परत आलेल्या कार्डाचा दोष ताईंवर येऊ नये, हे मी संयोजकांना कळवतो.

शांतिनिकेतनी
शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू शिष्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर रेखाटने करून पाठवत असत. कधी चार फटकाऱ्यांत एखादे झाड, कधी एखादे जनावर. खात्याचे पोस्टकार्ड आजही पन्नास पैशांना मिळते, तिकीट त्यावर छापलेलेच असते आणि आकाराचा वादही निर्माण होत नाही. कागद पातळ असल्याने जलरंगाचे थर त्याला सोसत नाहीत, परंतु शाई आणि कोरडा कुंचला उत्तम चालतो. ताईंनी एकदा खणाची नक्षी त्यावर नुसत्या रेषेत काढून पाहावी.

पिनकोडप्रेमी
सर्व कार्डे रजिस्टर केली असती तर ती हरवण्याची भीतीच राहिली नसती.

टपालवेडा
कार्ड हरवलेले नाही, काका. शिवाय २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पन्नास पैशांच्या कार्डासाठी तेवढा खर्च कोणी करणार नाही.

ताई, माझ्या मते तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला, ए-फोर आकाराचा जाड कागद घेऊन त्याचे चार समान भाग करावेत; प्रत्येक भाग सुमारे १४.८ बाय १०.५ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे देशांतर्गत मर्यादेत बसतो आणि परदेशीही चालतो. तीनशे जीएसएमचा (दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) कागद घेतला तरी असे कार्ड पाच ग्रॅमच्या आतच भरते. खण त्यावर रंगवावा, शिवू नये. दुसरा मार्ग, जी कार्डे तयार आहेत त्यांवर पत्राचे पाच रुपयांचे तिकीट लावून ती उघडीच पाठवावीत. गाठ असलेल्या बाजूवर पातळ कागद चिकटवून ती सपाट करून घ्यावी आणि कार्डे पेटीत न टाकता काउंटरवर द्यावीत. शिक्का हाताने मारावा अशी विनंती करता येते. काही ठिकाणी ती मान्य होते, काही ठिकाणी होत नाही.

शाईदौत
दुसऱ्या मार्गात कार्ड उघडे जाते एवढाच फरक आहे, खर्च पाकिटाएवढाच. असो.

खणनक्षी
पाच रुपये लावायचे असतील तर कार्ड उघडे पाठवता येते, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. तयार कार्डांच्या गाठी मी कापून काढल्या आहेत आणि मागे टिश्यू पेपर चिकटवला आहे. वजन केल्यावर प्रत्येक कार्ड वीस ग्रॅमच्या बरेच आत भरले. उद्या ती काउंटरवर देते. परत आलेले कार्ड त्याच ज्येष्ठ चित्रकारांना, त्यावरील 'नॉटपेड'च्या शिक्क्यासह, नवीन तिकीट लावून पुन्हा पाठवणार आहे. पुढच्या फेरीसाठी ए-फोरचे चार भाग करेन. जलरंगी ताई, ॲक्रिलिक माध्यम मॅट घ्यावे की चकचकीत?

जलरंगी
मॅट. चकचकीत थरावर टपालाच्या शिक्क्याची शाई वाळत नाही आणि शेजारच्या पत्रावर उमटते.

ठसेकार
या चर्चेबद्दल आभार. तुमच्या यादीत लिनोकटवाल्यांना घेता का?

मडगावकर
घेतो. संयोजकांना आधी एक कार्ड पाठवावे लागते. सहा रुपये लावा.