अनुभव धागा : टूरवाल्यांच्या यादीत नसलेलं शहर

आपण गोव्यातली माणसं पर्यटनाच्या काउंटरच्या आतल्या बाजूला जन्मलेली. डिसेंबर लागला की कळंगुटच्या रस्त्याला जायचं नाही, पाहुणे आले की त्यांना मंगेशी, शांतादुर्गा आणि जुनं गोवं दाखवून आणायचं, आणि "तुमची काय, रोजच सुट्टी" हे हसून ऐकून घ्यायचं. त्यामुळे आयफेल टॉवरखालच्या रांगेत मला अगदी घरच्यासारखं वाटलं, म्हणजे कधी एकदा सुटते असं झालं. इथे अशा परदेशी शहराबद्दल लिहा जिथे तुमच्यासाठी कुणी काही मांडून ठेवलं नव्हतं, आणि तरी जीव रमला. स्वित्झर्लंडच्या बर्फातले फोटो नकोत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतातच.

सुरुवात मी करते. पोर्तुगालमधलं आवेइरो. आपली मंडळी लिस्बन, फार तर पोर्तो करून परत फिरतात. पोर्तोहून दक्षिणेला गाडीने साधारण तासाभरात आवेइरो येतं. त्याला 'पोर्तुगालचं व्हेनिस' म्हणतात, ते सोडून द्या. मोजके कालवे आहेत आणि त्यांतून उंच, रंगवलेल्या नाळेच्या होड्या पर्यटकांना फिरवतात. पूर्वी याच होड्या खाडीतलं शेवाळ काढून शेतांना खतासाठी पोचवत. नाळेवरची चित्रं मात्र नीट बघा, काही चांगलीच चावट आहेत.

माझं माहेर पेडण्यातलं आगरवाडा, त्यामुळे मला तिथे अडकवलं मिठागरांनी. गावाच्या कडेला त्रोंकाल्याडा नावाचं मिठागर आहे, उघड्यावरचं संग्रहालयच. चौकोनी कप्पे, मधून चिखलाचे बांध, भरतीचं पाणी आत घ्यायला दारं. एक वयस्क गृहस्थ लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ कडेला ओढत होते. पाय बांधावरच, आणि ओढ इतकी हलकी की तळचा चिखल वर येत नव्हता. आमचे काका असंच ओढायचे, फक्त मार्च-एप्रिलच्या उन्हात. तिथे पाऊस हिवाळ्यात, म्हणून मिठाचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. भाषा येत नव्हती, म्हणून मी फोनमधला आमच्या आगराचा फोटो पुढे केला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, आमच्या मानशीवर, म्हणजे भरतीच्या पाण्याच्या दारावर, बोट ठेवलं आणि मला हाताने खुणावत बांधावरून पार टोकाला नेऊन त्यांची मानस दाखवली. फळ्या वर ओढायची तऱ्हासुद्धा तीच.

आवेइरोच्या मिठागरांचा उल्लेख 959 सालच्या एका दानपत्रात आहे. आज तिथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चालू आहेत. आपल्याकडे काय चाललंय ते आगरवाड्याला जाऊन बघा.

आणि हो, ओव्हुश मोलिश. चर्चमधल्या प्रसादाच्या पापडीसारख्या पातळ कवचात अंड्याचा बलक आणि साखर, शंख-शिंपल्यांच्या आकारात. नन्सच्या मठांतला पदार्थ आहे. बिबिंक आवडणाऱ्यांनी जपून खावं, थांबता येत नाही.

चला, आता तुमची पाळी.

जहाजावरचा मोरजेकर :
त्रिएस्ते, इटली. मी क्रूझवर किचनमध्ये आहे. 2021 मध्ये व्हेनिसच्या मधल्या कालव्यातून मोठी जहाजं नेण्यावर बंदी आली, तेव्हापासून बरीच जहाजं त्रिएस्तेला लागतात. प्रवासी उतरले की बसमध्ये बसून थेट व्हेनिसला. शहर राहतं आम्हा खलाशी-कुकांना! दुपारच्या आणि रात्रीच्या कामाच्या मधे जेवढा वेळ मिळेल तेवढा.

जहाजातून उतरून रस्ता ओलांडला की भला मोठा चौक, तीन बाजूंना राजवाड्यासारख्या इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र. 1918 पर्यंत हे ऑस्ट्रियाचं बंदर, त्यामुळे इमारती व्हिएन्नाच्या थाटाच्या आणि बोलणं इटालियन. शहरातल्या कालव्याजवळ सर्बियन लोकांचं निळ्या घुमटांचं चर्च, थोडं पुढे ग्रीकांचं, वर यहुद्यांचं प्रचंड सिनेगॉग. व्यापाराला जो जो आला त्याने आपला देव बरोबर आणला.

कॉफी तर विचारू नका, इटलीत येणारी कॉफी उतरवून घेणारं हे मोठं बंदर. उभ्या उभ्या पिऊन लोक कामाला जातात. बोरा नावाचा वारा एकदाच अनुभवला. पूर्वी म्हणे रस्त्याकडेला दोर बांधायचे, माणसांना धरून चालायला. मला थाप वाटली होती. वारा सुटला तेव्हा मी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा होतो आणि शेजारून एक आजी पिशवी सांभाळत निघून गेल्या.

फोंतेन्हासकर :
मी शहराचं नाव सांगणार नाही. रागावू नका. आमच्या दारात रोज सकाळी कुणीतरी लग्नाआधीचं फोटोशूट करत असतं. परवा बाबा बनियनवर पेपर घ्यायला बाहेर आले, तर फोटोग्राफर म्हणाला, "अंकल, जरा बाजूला." स्वतःच्या पायरीवरून! तेव्हा जे शहर मला आवडलं ते तसंच राहू दे. एवढंच सांगतो की तिथे संध्याकाळी बेकरीबाहेर लोक पाव घ्यायला थांबतात आणि कुणीही फोटो काढत नाही.

रायबंदरकरीण :
@फोंतेन्हासकर, पटलं, पण माझं गाव लपवण्यातलं नाही. मलाक्का. क्वालालंपूर-गेंटिंग-सिंगापूर पॅकेजवाले त्याला बगल देऊन जातात, आणि आपल्या गोव्याचं तर त्याच्याशी नातं आहे. आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये मलाक्का. टेकडीवर सेंट पॉलचं छप्पर नसलेलं चर्च आहे. आत जाळी घातलेला एक रिकामा खड्डा. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, शव 1553 मध्ये काही महिने तिथे पुरलेलं होतं, तिथून ते गोव्यात आलं.

आता गंमत अशी की आम्ही जुन्या गोव्याच्या शेजारचे. मागच्या शवप्रदर्शनात, 2024-25 च्या त्या दिवसांत, घरातून गाडी बाहेर काढायची तर वेळ बघावी लागे. आणि इथे त्याच माणसाच्या थडग्यापाशी मी, एक मांजर आणि स्केचबुक घेऊन बसलेला मुलगा. भिंतींना टेकवून ठेवलेल्या डच थडग्यांच्या उंच शिळा. खाली मलाक्काची सामुद्रधुनी. मी हिंदू घरातली, पण सायबाला हात जोडायची सवय लहानपणापासूनची. जोडले.

खाली उतरून जुन्या वस्तीत गेलं की चिनी देऊळ, मशीद आणि 1781 चं विनायकाचं देऊळ, सगळी काही पावलांच्या अंतरात. विनायकाचं देऊळ तिथल्या चेट्टी समाजाचं. मूळ तमिळ व्यापारी, आता बोलतात मलय. पुजाऱ्यांनी "कुठून?" विचारलं. गोवा म्हटल्यावर त्यांनी टेकडीकडे हात केला. त्यांच्या लेखी गोवा म्हणजे सायब!

डिचोलीकर :
मस्कतला नोकरी. आपले लोक दुबईत मॉल बघतात, माझं मत निझवाला. मस्कतहून दीडेकशे किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. तिथला गोल बुरूज सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफने बांधला. हा तोच, ज्याने 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून घालवलं. आपल्याला 1961 पर्यंत थांबावं लागलं! किल्ल्यात खजूर साठवायची खोली आहे, जमिनीला पन्हळी पाडलेल्या. पोत्यांच्या वजनाने रस खाली ओघळतो आणि तो उकळून हल्लेखोरांवर ओतायचा.

पण खरं बघण्यासारखं म्हणजे फलज. डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर, पंपाशिवाय, खजुराच्या बागांत आणायचं. ओमानच्या पाच फलजना 2006 मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यातली दारिस निझवालाच. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाचं पाणी सोडणाऱ्या घरातला मी, तिथे तासभर पाण्यात पाय सोडून बसलो. पाळीप्रमाणे पाणी वाटून घ्यायचं, आणि भांडणंही पाळीवरूनच.

शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजारही चुकवू नका. गिऱ्हाईक गोल करून उभं राहतं आणि मालक बकऱ्यांना ओढत त्यांच्या पुढून फेऱ्या मारतात. ओरडाओरडा असा की आमची म्हापशाची शुक्रवारची बाजारपेठ शांत वाटावी.

आगरवाड्याची (धागाकर्ती) :
@डिचोलीकर, जानेवारीत येतोय आम्ही मस्कतला. बाजार किती वाजता? नवरा सुट्टीत आठच्या आत उठत नाही.

डिचोलीकर :
उजाडता उजाडता सुरू होतो. त्यांना आदल्या रात्रीच निझवाला मुक्कामाला आणा. नऊनंतर पोचलात तर लेंड्या तेवढ्या बघायला मिळतील.