जुनी एसयूव्ही घरीच दुरुस्त करणारे नागपूरकर, आपापले अनुभव सांगा

गाडीला पंधरा वर्षं झाली की जो तो विचारतो, काढत का नाही? नाही काढायची. दिल्लीसारखी जुन्या डिझेल गाड्यांवरची बंदी आपल्याकडे नाही, आरटीओत पुन्हा पासिंग झालं की पुढच्या ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळतं, आणि जुन्या चेसिसवाल्या गाडीचं बरंचसं काम पाने, जॅक आणि मल्टिमीटरवर होऊन जातं. तर लिहा. फक्त "अमुक पार्ट बदलला, बरी झाली" एवढंच नको, कारण कसं सापडलं ते सांगा, दुसऱ्याला कामात तेच येतं.

सुरुवात माझ्यापासून. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ ला गेला होता, नवतपात तर जुन्या गाडीच्या कूलिंगची सगळी दुखणी वर येतात. माझी गाडी सीताबर्डीच्या गर्दीत तापायची आणि वर्धा रोडला बुटीबोरीकडे काढली की काटा आपोआप खाली. गॅरेजात सांगितलं रेडिएटर बदला. पण रेडिएटर चोक असता तर पळताना, लोडवर जास्त तापली असती ना? उभ्या गाडीत तापते म्हणजे हवा कमी पडतेय, म्हणजे पंखा. माझा पंखा विस्कस क्लचवर आहे, म्हणजे इंजिनचा जोर पंख्याला देणारा क्लच, त्यात सिलिकॉनचं तेल असतं, ते गळालं की पंखा सैल पडतो. इंजिन तापलेलं असताना बंद केलं, चावी खिशात, आणि पंखा हाताने ढकलला. जड लागायला पाहिजे होता, तो गरगर फिरला, आणि क्लचच्या तोंडाशी तेलात भिजलेली धूळ चिकटलेली. क्लच नवा टाकला, रेडिएटर अजून तोच आहे.

---

हिंगणा रोडवरून. भाऊ, थर्मोस्टॅटचंही सांगून ठेवतो, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, म्हणे उन्हाळ्यात कायले पाहिजे. मग हिवाळ्यात इंजिन लवकर तापत नाही अन् डिझेल पिऊन राहते. काढायच्या आधी चेक करा ना! भांड्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोरीने लटकवा, खाली गॅस, सोबत थर्मामीटर. माझ्यावर ८२ अंश कोरलेलं आहे, त्याच्या आसपास उघडायला लागला तर चांगला आहे. अन् बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकूच नका, क्षार बसतात, कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

---

आधी रेडिएटरचं झाकण बघा, सगळ्यात स्वस्त पार्ट तोच. स्प्रिंग ढिली पडली की प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. इंजिन गरम असताना उघडू नका, चेहरा भाजतो.

---

मी मनीषनगरची, गाडी बाबांची, आता मीच चालवते आणि मीच बघते. सकाळी सेल्फ भरपूर मारावा लागायचा, एकदा सुरू झाली की दिवसभर काही नाही. सगळे म्हणाले ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारा प्लग. पण आपल्याकडे मे महिन्यातली सकाळसुद्धा गरम, तेव्हा ग्लो प्लगवर एवढं अडायला नको, आणि माझी तर मेमध्येच जास्त अडत होती. फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहिला तर सकाळी अगदी पोकळ, दाबत राहिलं की कडक व्हायचा आणि मग गाडी लगेच सुरू. म्हणजे रात्रीतून डिझेल मागे टाकीकडे उतरत होतं, कुठूनतरी हवा शिरत होती. फिल्टरच्या पुढे थोडा वेळ पारदर्शक डिझेल पाइप लावला, त्यात बारीक बुडबुडे स्पष्ट दिसले. मग फिल्टरच्या आधी लावला, तिथे एकही नाही. म्हणजे हवा फिल्टरपाशीच. फिल्टरच्या डोक्यावरचा रबर वॉशर कडक होऊन चिरलेला निघाला. किंमत सांगितली तर हसाल.

---

ब्रेकचा पेडल दगडासारखा झाला तर मास्टर सिलिंडर उघडायच्या आधी बूस्टरला (पेडल हलका करणाऱ्या डब्याला) जाणारा व्हॅक्युमचा पाइप चाचपून बघा. माझा वळणावर तडकलेला होता, डिझेल गाडीत व्हॅक्युम पंपातून येतं, ते बूस्टरपर्यंत पोचतच नव्हतं. आणि गाडीखाली जायचं तर घोडी (जॅक स्टँड) लावूनच, एकट्या जॅकवर कधीच नाही, हे हात जोडून सांगतो.

---

सेल्फ कधी नुसता "टक" करतो, कधी फिरतो. बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ व्होल्ट दाखवते, चालू गाडीत १४.२. काय असेल?

---

बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक दिसतात. आधी अर्थ बघा, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला येणारी पट्टी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला लावा. अर्धा व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी गंजली आहे, दोन्ही टोकं खोलून पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट कसा. तिथे काही नाही निघालं तर सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फला करंट देणाऱ्या स्विचला) येणारी बारीक वायर बघा, उंदीर तिकडेच जास्त कुरतडतात. रीडिंग इथे टाका, मग पुढचं सांगतो.