नोकरीत अपंगत्व सांगितलं तेव्हा : कुणाला, किती आणि पुढे काय झालं?

डावा कान
मला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. बँकेत चार वर्षं काढल्यावर शाखाधिकाऱ्यांना सांगितलं, कारण काचेपलीकडच्या ग्राहकाचं बोलणं निसटायला लागलं होतं. ग्राहक डाव्या हाताला येतील असा काउंटर मागितला. साहेबांनी लगेच दिलाही. पण चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्याशी जरा मोठ्यानं बोलत जा." चांगल्या मनानंच. तेव्हापासून सगळे ओरडून बोलतात आणि फोनचं काम दुसरीकडे गेलं. फोन मी डाव्या कानाला लावते, हे कुणी विचारलंच नाही. तुमचे अनुभव लिहा.

हिंजवडीची
मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत तो येतो, हे मला एचआरनंच दाखवलं. उकाडा वाढला की पाय जड होतात, नजर धूसर होते. मॅनेजर म्हणाला, "टीमला काय सांगायचं ते तू लिहून दे, तेवढंच मी बोलेन." मी एक ओळ दिली : एप्रिल-मे घरून काम करेन. आजाराचं नाव आजही ऑफिसात दोघांनाच ठाऊक आहे.

झेडपी गुरुजी
मी नऊ वर्षं लपवलं. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, घराण्यात फिट येते हे गावात कळायला नको होतं. मग एक दिवस परिपाठाच्या वेळीच पडलो. एका सरांनी नाकाला चप्पल लावली, दुसऱ्यांनी दातांत चमचा कोंबला. दात तुटला. समोर चौथीची पोरं उभी. सरांना दोष कसा देऊ, मीच काही बोललो नव्हतो. आता मुख्याध्यापिका बाई आणि शेजारच्या वर्गावरचे सर, दोघांना सगळं नीट सांगून ठेवलंय : कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर 108. दोन वर्षं झाली. गावात एक शब्द गेलेला नाही.

एचआरमध्ये 11 वर्षं
आमच्याकडे शिफ्ट बदलायचा अर्ज आला की दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत सहा जणांना जायची. एका मुलाचं बायपोलर या मानसिक आजाराचं प्रमाणपत्र असंच फिरत फिरत गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं. त्यांना फक्त पिकअपची वेळ हवी होती! मुलानं महिन्याभरात राजीनामा दिला. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेत दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयी बघणारा संपर्क अधिकारी नेमायचा असतो. आमचा तोवर कागदावरच होता. आता प्रमाणपत्र त्याच्यापाशीच राहतं, पुढे फक्त "सकाळची शिफ्ट" एवढं जातं. त्या मुलाला माफी मागायला फोन केला होता. त्यानं उचलला नाही.

वाचतेय
मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सोमवारी साहेबांना भेटणार आहे. हिंजवडीच्या ताई, ती एक ओळ लिहिताना मदत कराल का?