सिनेबेंच तासभर चालतं आणि नुसतं गाणं लावलं की पीसी रिस्टार्ट, काहून?

वऱ्हाडी_रेंडर
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, थोडं लांबलंय तर सांभाळून घ्या. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, अकोल्यात घरीच सेटअप आहे. रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम एक्सएमपी (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) लावून ३२०० वर, आणि प्रोसेसरसोबत आलेला छोटा कूलर काढून टॉवर कूलर टाकलाय.

सीझनमध्ये एक्सपोर्टला फार वेळ जातो म्हणून दोन-तीन व्हिडिओ बघून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पीबीओ, म्हणजे रायझनला जास्त वेग घेऊ देणारी सोय, चालू केली, बूस्ट ओव्हरराइड (कमाल वेगाची वाढीव मर्यादा) प्लस २०० मेगाहर्ट्झ आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचा व्होल्टेज कमी करायची सोय) ऑल कोअर निगेटिव्ह ३०. सिनेबेंच (प्रोसेसरला राबवून स्कोअर देणारी टेस्ट) तासभर लूपमध्ये लावलं, काही म्हणजे काही झालं नाही, तापमान ७८ च्या वर गेलं नाही, स्कोअर पण वाढला, मी खूश. चार तासांचा एक्सपोर्ट पण निघाला. मग रात्री सगळं बंद करून फक्त ब्राउझरमध्ये गाणं लावून जेवायला बसलो तर गाणं मध्येच तुटलं, जाऊन बघतो तर स्क्रीन काळी आणि बोर्डाचा लोगो. निळी स्क्रीन वगैरे पण नाही, सरळ रिस्टार्ट. तेव्हापासून चारदा झालं आणि चारही वेळा पीसी जवळजवळ रिकामाच होता, एकदा तर मी डेस्कटॉपवर नुसता माउस फिरवत होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) लाल रंगात कर्नल-पॉवर ४१ दिसून राहिलं. पॉवर लिहिलंय म्हणजे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला का? लोडवर चालतो आणि रिकामा असताना पडतो, हे काही डोक्यात बसून नाही राहिलं.

अर्थिंग_आधी
भाऊ आधी घरचं अर्थिंग बघ. माझ्याकडे असंच व्हायचं, दुकानवाल्याने आधी रॅम बदलायला लावली मग एसएमपीएस, पैसे गेले आणि शेवटी निघालं काय तर सॉकेटच्या मागे अर्थची वायरच सुटलेली. ४१ म्हणजे पॉवरच असणार. एसएमपीएस किती वर्षं जुना आहे? यूपीएसवर आहे की थेट भिंतीत?

कोअर_शून्य
काका अर्थिंग बघायला हरकत नाही, पण ४१ वरून एसएमपीएस बदलू नका प्लीज, त्या नावाने आजवर किती एसएमपीएस उगाच भंगारात गेले असतील. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज रीतसर बंद न होता मशीन पडलं. लाईट गेली तरी ४१, हँग झाल्यावर बटण दाबून बंद केलं तरी ४१. पंचनाम्यात "इसम मृत आढळला" एवढंच लिहावं तसं आहे ते, कशाने मेला ते त्यात नसतं.

वऱ्हाडी भाऊ, तुझा प्रॉब्लेम मला वाटतं निगेटिव्ह ३० मध्ये आहे. सिनेबेंच मल्टीमध्ये सहाही कोअर एकदम राबतात, तेव्हा पॉवर आणि उष्णतेमुळे क्लॉक (वेग) खाली येतो, तुझा साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास असेल. पण गाणं लावलंय, माउस हलवतोय, अशा वेळी एखादाच कोअर क्षणभर जागा होतो आणि त्याला मोकळं रान मिळतं, तो ४.८ च्या पुढे उडी मारतो. एवढ्या उंच क्लॉकला जितका व्होल्टेज लागतो त्यातूनच तू कापून घेतलायस. कर्व्ह ऑप्टिमायझरची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलीव्होल्टची, म्हणजे ३० पायऱ्या झाल्या ९० ते १५० मिलीव्होल्ट, हे काही थोडंथोडकं नाही. म्हणून लोडवर टिकतो आणि आरामात असताना मरतो. उलटं वाटतं पण या चिपचं असंच आहे.

आणि सगळ्या कोअरला एकच आकडा देणं ही यूट्यूबवाल्यांची आळशी पद्धत. एकाच चिपमधले सहा कोअर सारखे नसतात. ज्या कोअरला रायझन मास्टर (एएमडीचं सेटिंगचं सॉफ्टवेअर) तारा दाखवतं, म्हणजे फॅक्टरीतूनच जो चांगला ठरलाय, त्याला बहुतेक वेळा कमीच निगेटिव्ह झेपतं, कारण सगळ्यात उंच उड्या त्यालाच माराव्या लागतात आणि त्याच्या कर्व्हमध्ये उसंत आधीच कमी असते.

आता एक कर, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिममध्ये जाऊन डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअर एररची नोंद) शोध, इव्हेंट १८. आत कॅश हायरार्की एरर आणि प्रोसेसर एपिक आयडी असं लिहिलेलं असेल. एकेका कोअरला दोन आयडी असतात, म्हणून तो आयडी दोनाने भाग, बाकी सोडून दे, तो तुझा गुन्हेगार कोअर. १९ नंबरचे इव्हेंट दिसले तर मात्र सांग, मग रॅम आणि फॅब्रिककडे (चिपच्या आतली जोडणी) बघावं लागेल.

वऱ्हाडी_रेंडर
बाप्पा! १८ सापडले, चारच्या चार. आयडी ४, ५, ५, ४. म्हणजे कोअर २ ना? १९ एकही नाही. सारखं बायोसमध्ये जायचा कंटाळा म्हणून रायझन मास्टरमधूनच सी०२ ला निगेटिव्ह १० दिलं, बाकी ३० तसेच. बघतो आता.

वऱ्हाडी_रेंडर
पुन्हा पडला राजे हो. टायमलाइनवर क्लिप ओढत होतो. आयडी परत ४. दहावर आणलं तरी तोच कोअर पडतो म्हणजे प्रोसेसरच खराब आहे का? वॉरंटीला टाकू?

कोअर_शून्य
थांब थांब, वॉरंटी राहू दे. रायझन मास्टर मोजतं एकपासून आणि विंडोज, बायोस, एचडब्ल्यूइन्फो (तापमान-क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर) सगळे मोजतात शून्यापासून. तू सी०२ बदललास म्हणजे बायोसचा कोअर १ बदललास, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तुझा कोअर २ म्हणजे तिथला सी०३. बायोसमध्ये जाऊनच कर, घोळ नको. यात मीही एकदा अख्खा रविवार घालवलाय.

आणि आता पडायची वाट बघत बसू नकोस. कोअरसायकलर उतरव, ते प्राइम९५ ही गणिताची टेस्ट एकेका कोअरवर आळीपाळीने चालवतं, बाकीचे रिकामे ठेवतं. मोड एसएसई (हलकं गणित) ठेव, एव्हीएक्स (जड गणित) नको, एव्हीएक्सने कोअर तापतो आणि क्लॉक खाली येतो, आपल्याला तो वरच पाहिजे. रात्रभर लाव. जो कोअर एरर देईल त्याचं निगेटिव्ह चार-पाच पायऱ्यांनी कमी कर आणि परत लाव. त्याच्या आधी एकदा सगळं स्टॉकवर आणून नुसत्या एक्सएमपीवर मेमटेस्ट८६ चालवून घे, नाहीतर एरर रॅमचा आणि शिव्या कोअरला असं होतं.

लॅमिंग्टन_रोड_९९
वाचून मजा आली. आमच्या वेळी सेलेरॉन ३००ए होता, इंटेलचा १९९८ चा प्रोसेसर. बोर्डाने साथ दिली नाही तर स्लॉटमध्ये बसणाऱ्या कडेवरची बी२१ पिन चिकटपट्टीने झाकायची, की बस (बोर्डाचा मूळ वेग) ६६ ऐवजी १०० वर आणि मल्टिप्लायर साडेचार, सरळ ४५० मेगाहर्ट्झ. एक आकडा, चाललं तर चाललं. तुम्हा पोरांना कोअरगणिक वेगळा हिशोब ठेवावा लागतो.

पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आताही आहे. रिस्टार्ट झाला की निदान कळतं तरी. अस्थिर मशीन कधीकधी पडत नाही, गुपचूप चुकीचा बिट लिहितं. माझी अख्खी झिप फाइल अशी गेलीय, कॉपी करताना काहीच तक्रार नाही आणि महिन्याने उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडलेली. तू लोकांच्या लग्नाचं फुटेज हाताळतोस भाऊ, फेरे परत घेता येत नाहीत. टेस्टिंग संपेपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नकोस, आणि एक कॉपी अशा ड्राइव्हवर ठेव जी या मशीनला जोडलेलीच नाही.

अर्थिंग_आधी
ते सगळं ठीक आहे पण अर्थिंग बघितलं का?

वऱ्हाडी_रेंडर
उशीर झाला, मधे चार लग्नं होती (कामं जुन्या लॅपटॉपवर केली, लॅमिंग्टन दादांचं ऐकून). मेमटेस्ट स्वच्छ निघाला. मग पाच रात्री कोअरसायकलर. कोअर २ ची शेवटी निगेटिव्ह ८ वर गाडी थांबली. कोअर ५ तोवर कधीच पडला नव्हता पण पहिल्याच रात्री तिसाला एरर, तो २२ वर आणला. बाकीचे ३० ला पण पास झाले होते तरी २५ वर ठेवले, पाच पायऱ्या देवाला. बूस्ट ओव्हरराइड २०० चा १०० केला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये गंमत दिसली, आधी ३० वर असताना क्लॉक ४.८५ दाखवायचा पण लोडखाली इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्ष मिळणारा वेग) त्याच्या बराच खाली असायचा, आता दोन्ही आकडे जवळजवळ एक आहेत. म्हणजे तेव्हाचा वेग अर्धा दिखाव्याचाच होता.

आज १९ दिवस झाले, इव्हेंट १८ एकही नाही. चार मिनिटांचा टीझर स्टॉकवर ११ मिनिटं ४० सेकंदांत निघायचा, आता १० मिनिटं ५५. एवढ्यासाठी पाच रात्री घातल्या म्हटल्यावर बायको काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

काल दुपारी बाहेर ४४ होतं, खोलीतल्या कूलरची टाकी रिकामी, खोलीत ३८ तरी असेल. मुद्दाम सिनेबेंच लावलं तर प्रोसेसर ८९ वर गेला, क्लॉक थोडा उतरला पण पडला नाही. ९५ ची लिमिट आहे म्हणून पीबीओमध्ये थर्मल लिमिट ८५ टाकून ठेवलीय, जून लागला की काढीन. कॅबिनेटची जाळी पण धुतली, धुळीचा नुसता नमदा निघाला.

काका, अर्थिंग पण बघितलं, वायरमनला बोलावलं होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ९ व्होल्ट येत होते, वायर ढिली होती, घट्ट केली. रिस्टार्टशी त्याचा संबंध नव्हता, पण पावसाळ्यात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या त्याचं कारण ते निघालं.