मदत मागताना मुलाचं रडणं दाखवावं का?

सहा वर्षांच्या मुलाची आई
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे लहान वयातच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. हालचालीची क्षमता ठरवणाऱ्या जीएमएफसीएस या मोजपट्टीच्या पाच पातळ्यांपैकी चौथी (पाचवी सर्वांत गंभीर), म्हणजे आधार दिला की बसतो, पण बाहेर व्हीलचेअरच लागते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून) कायमची. पाय वाढले की स्प्लिंट, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या, नवे करायचे. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बोटॉक्स दिलं तर त्याचा असर काही महिन्यांत ओसरतो. हा खर्च एकदा करून संपणारा नाही, म्हणून शेवटी लोकांकडे मागायचं ठरवलं.

आवाहन लिहायला मदत करणाऱ्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. स्ट्रेचिंग करताना तो रडतो त्याचा व्हिडिओ टाका, आणि ‘तुमच्या मदतीने तो चालू लागेल’ असं लिहा. मी दोन्हीला नाही म्हटलं. स्ट्रेचिंगच्या वेळी तो माझी बाही मुठीत घट्ट धरतो. नंतर ती मूठ सोडवायला अंगठ्याच्या बुडाशी हळूहळू चोळावं लागतं. ते आमच्या दोघांतलं आहे. घरातले म्हणतात, पैसे हवेत आणि अभिमानही हवा, असं कसं चालेल? तुम्ही काय केलंत?

एका मुलीचा बाबा
ताई, तुमचं दुखणं कळतं, पण मला पटत नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची. एक्स-रेमध्ये खुबा सांध्यातून सरकताना दिसला, शस्त्रक्रिया लांबवू नका असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही आधी तिचा हसरा फोटो टाकला होता. तीन आठवडे ओळखीच्यांशिवाय कोणी रुपया दिला नाही. रात्री वेदनेने कण्हत होती तो व्हिडिओ टाकला आणि पाच दिवसांत निम्मी रक्कम जमली. मी काही खोटं दाखवलं नाही, ती खरंच कण्हत होती. तिची प्रतिष्ठा मलाही कळते, पण आधी तिचा खुबा वाचू दे.

फिजिओथेरपिस्ट, लहान मुलांसोबत काम
व्हिडिओचं तुम्ही आईवडील ठरवा. ‘चालू लागेल’ मात्र लिहू नका, हे मी हात जोडून सांगते. या मुलांची हालचाल वयाबरोबर कशी वाढते याचा मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मूल हालचालीची आपली जवळपास ९० टक्के क्षमता पाच वर्षांच्या आसपास गाठतं, आणि त्रास जास्त असेल तर त्याहूनही लवकर. सहा वर्षांच्या चौथ्या पातळीच्या मुलाबद्दल असं वचन दिलं की वर्षाने देणारे विचारतात, चालला का? आणि ते उत्तर त्या मुलाच्या गळ्यात पडतं.

थेरपी वाया जाते असा याचा अर्थ मुळीच नाही. सांधे आखडू नयेत, खुबा जागेवर राहावा, चमचा स्वतः धरता यावा, व्हीलचेअरवरून पलंगावर जाताना त्याने थोडा भार स्वतः घ्यावा, यासाठी ती हवीच. आवाहनात हेच लिहा.

आणखी एक. हाती मोठी रक्कम आली की भलतेसलते उपाय विकणारे येतात. हायपरबेरिक ऑक्सिजनचंच बघा, म्हणजे जास्त दाबाच्या बंद कक्षात बसवून ऑक्सिजन देणं. २००१ मध्ये १११ मुलांवर चाचणी झाली. काहींना ऑक्सिजन दिला, काहींना किंचित दाबाखालची साधी हवा. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा अशा ठिकाणी घालवू नका.

मदत करणारा
मी दर महिन्याला दोन मुलांसाठी थोडे पैसे देतो. पहिल्यांदा दिले ते रडणारा व्हिडिओ पाहूनच, आणि तिथे पुन्हा दिले नाहीत, कारण पुढे काही कळलंच नाही. आता ज्या दोन मुलांसाठी देतो, त्यांच्या आयांकडून तीन महिन्यांनी दोन ओळी येतात: किती सत्रं झाली, स्प्लिंट आले, उरले किती. तिथे मी टिकलो.

बाबा
दादा, महिन्याची मदत थेरपीला ठीक. शस्त्रक्रियेला रक्कम एकदम लागते. माझ्याकडे तीन महिने नव्हते.

सीपीसोबत वाढलेला, वय २८
माझ्यासाठीही असंच आवाहन झालं होतं. फोटोत माझ्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. त्या पैशांतून माझ्या पायांची शस्त्रक्रिया झाली आणि आज मी कुबड्यांवर ऑफिसला जातो, हे मी विसरलेलो नाही. पण अकरा वर्षांचा असताना तोच फोटो वर्गातल्या मुलाच्या हातात पाहिला. आईवर रागावलो नाही, कारण तिच्यापुढे तेव्हा दुसरा रस्ता नव्हता. फक्त शाळेतून आल्यावर तिच्याशी बोलता येईना, आणि तिला कळेना काय झालं.

बाबा
मित्रा, हे वाचून पोटात कालवलं. तरी खोटं बोलत नाही, व्हिडिओ आज काढणार नाही. शस्त्रक्रियेची तारीख बारा दिवसांवर आहे आणि रक्कम अजून कमी पडते आहे.

आई
दादा, काढा असं मी म्हणणार नाही. तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, खरंच माहीत नाही. मुलीला विचारलं होतं का, एवढंच सांगा.

बाबा
नाही. ती बोलत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही. पण हो म्हणायचं असलं की वर बघते, नाही असलं की डोळे मिटते. जेवण, कपडे, टीव्ही, सगळं तसंच विचारतो. आज निजवताना हेही विचारतो.