मदत हवी आहे : लग्नाचं आवतन व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलं कोण कोण मानतं?

मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. भावकी आणि सोयरे धरून यादी ३५० घरांच्या आसपास. निम्मे लोक पुणे-चाकणला. काही जण ऊसतोडीला गेलेत, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच परततील.

पत्रिका भावकीच्या ग्रुपवर टाकली. अंगठे अन् फुलं भरपूर आली, पण थोरल्या चुलत्यांनी आईला फोन करून विचारलं, "आम्हाला आवतन कधी?" ग्रुपवरची पत्रिका ते मोजतच नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं चुकीचंही वाटत नाही. सगळ्यांना मिळून दिलेलं आवतन म्हणजे कुणालाच नाही.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट करून बघितली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ नंबरच बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोचतच नाही. म्हणजे लांबचे सोयरे नेमके गळाले. कीपॅड फोनवाले वेगळेच.

गावात अन् जवळपास हळदी-कुंकू लावून पत्रिका घरोघर देणारच आहोत, त्यामुळं तो सल्ला नको. पुण्यापर्यंत दारोदार फिरणं मात्र जमणार नाही.

तुमच्याकडं एवढ्यात लग्न झालं असेल तर सांगा : लांबच्यांना आधी फोन करून मग एकेकाला पत्रिका पाठवली तर ते मानतात का, की फोन वडीलधाऱ्यांनीच करावा लागतो? आणि उसाच्या फडावरच्या माणसांना आवतन तुम्ही मुकादमाकडून कळवलं की ते परतल्यावर घरी जाऊन दिलं?