‘गांजा सिगरेटपेक्षा सेफ’ हे नक्की कुणी ठरवलं?

टपरीसम्राट
हल्ली पुण्यात पंचविशीच्या पोरांशी बोला, सिगरेट सोडली म्हणून कौतुक सांगतील आणि त्याच दमात म्हणतील की वीकेंडला थोडा माल ओढतो फक्त, तो काय नॅचरल असतो. अरे मग तंबाखू काय फॅक्टरीत ओततात का? तेही झाडाचं पानच आहे की.
माझं म्हणणं सरळ आहे. धूर तो धूर. पान जळलं की डांबर, कार्बन मोनॉक्साइड, बेंझोपायरीन (कॅन्सर करणारं रसायन) हे सगळं दोन्हीकडे येतं. आणि ओढायची पद्धत बघा. सिगरेटचा झुरका घेतला की लगेच सोडतो आपण, गांजाचा दम मात्र छातीत धरून ठेवतात, डोळे लाल होईपर्यंत. १९८८ साली अमेरिकेत १५ जणांवर मोजून बघितलं होतं, गांजा ओढताना धूर सिगरेटच्या चौपट वेळ आत ठेवला जातो, आणि एका कांडीमागे डांबर साधारण तिप्पट आत जातं, रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास पाचपट वाढतो. हे ‘सेफ’ म्हणायचं का?
ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल भांडा, फक्त ‘शंकर भगवान पण ओढतात’ हे सोडून काहीतरी आणा.

हिरवा_कंदील
आणतो की. तुम्ही एका कांडीची तुलना एका कांडीशी करताय आणि तिथंच गंडलंय सगळं. सिगरेटवाला दिवसाला दहा-वीस ओढतो, वर्षानुवर्षं, सकाळी दात घासायच्या आधी पहिली. गांजावाला बहुतेक वेळा आठवड्याला एखादी, तीही चौघांत फिरवून. मग तिप्पट डांबर घेऊन काय करायचं, वीसच्या जागी एक आहे ना.
आता अभ्यास म्हणताय तर तुम्ही ज्या लोकांचा १९८८ चा अभ्यास सांगितला त्यातलेच डोनाल्ड टॅशकिन, लॉस एंजेलिसचे फुप्फुसाचे डॉक्टर, गांजाने कॅन्सर होतो हे दाखवायला निघाले होते. २००६ मध्ये हजारावर कॅन्सर पेशंट तपासून निकाल काय आला, तर भरपूर गांजा ओढणाऱ्यांतही फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध सापडला नाही. सिगरेटचा मात्र त्याच अभ्यासात ढळढळीत दिसला. २०१२ ला अजून एक मोठा आला, पाच हजारांवर माणसं, वीस वर्षं फॉलोअप, रोज एक याप्रमाणे सात वर्षं ओढली तरी फुप्फुसाची ताकद कमी झाली नाही.
आणि तंबाखू? जगात वर्षाला ७०-८० लाख मरतात, आपल्याच देशात साडेतेरा लाखांच्या आसपास. लागलेल्यांपैकी निम्म्यांना ती मारते. ती टपरीवर मिळते सुट्टी, आणि गांज्याच्या पुडीला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. गांजाने ओव्हरडोस होऊन मेलेला एक माणूस दाखवा मला.

रात्रपाळी
ओव्हरडोसचं आधी घेतो कारण हे वाक्य प्रत्येक वादात येतं. कंदीलभाऊ, सिगरेट ओढून ओव्हरडोसने मेलेला माणूस तरी तुम्ही कुठं बघितलाय? तीस वर्षं हळूहळू मारते ती. म्हणजे तुमच्याच मापाने सिगरेटपण सेफ झाली.
मी छातीविकार विभागात काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. फुप्फुसाचा कॅन्सर आणि सीओपीडी (दम लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) या दोन बाबतींत तंबाखू खूप पुढे आहे, यात वाद नाही. नायट्रोसमाइन नावाची जी खास तंबाखूतली विषं आहेत ती गांजात नसतात. पण ‘संबंध सापडला नाही’ आणि ‘संबंध नाही’ यात अंतर आहे. रोज वीस जॉइंट चाळीस वर्षं ओढणारी माणसं अभ्यासाला आणायची कुठून? बेकायदेशीर गोष्ट, लोक खरं सांगत नाहीत. तंबाखूचंसुद्धा अर्धं जग सिगरेट ओढायला लागल्यावर १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनमध्ये कॅन्सरचा संबंध पक्का दाखवला, तोवर ती प्रतिष्ठेची गोष्ट होती. न्यूझीलंडमध्ये २००८ चा एक अभ्यास आहे, त्यात गांजाने धोका वाढलेला दिसला, पेशंट फक्त ७९ होते म्हणून मी त्यावर उड्या मारणार नाही, पण तुम्ही टॅशकिनवर मारताय म्हणून सांगितलं.
बाकी जे पक्कं आहे ते ऐका. नियमित गांजा ओढणाऱ्याला जुनाट खोकला, कफ, घरघर होते, यावर आता फारसं दुमत नाही. अमोनिया गांजाच्या धुरात सिगरेटच्या वीस पटीपर्यंत सापडलाय, हायड्रोजन सायनाइड तीन ते पाच पट. ओटावात २०२२ ला सीटी स्कॅन तपासले, गांजावाल्यांत ७५ टक्क्यांना एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसाचे फुगे फाटलेले, नुसत्या सिगरेटवाल्यांत ६७, न ओढणाऱ्यांत ५.
आणि हृदय विसरू नका, सगळे फुप्फुसावरच अडकलेत. गांजा ओढल्यावर पहिल्या तासाभरात हार्ट अटॅकचा धोका जवळपास पाचपट होतो हे २००१ पासून माहितीये. २०२४ ला अमेरिकेतल्या सव्वाचार लाखांवर लोकांच्या सर्व्हेत रोज घेणाऱ्यांत हार्ट अटॅक २५ टक्के जास्त, स्ट्रोक ४२ टक्के जास्त. ज्यांनी जन्मात तंबाखू ओढली नव्हती त्यांच्यातही तसंच दिसलं.

हिरवा_कंदील
डॉक्टर, ओटावावाल्या अभ्यासात गांजावाले होते छप्पन, आणि त्यातले बहुतेक जण तंबाखूही ओढत होते. ७९ पेशंटवर उड्या मारत नाही म्हणता आणि ५६ वर मारता, हे कसं काय? सर्व्हेतला आकडाही लोकांनी स्वतः सांगितलेला. पहिल्या तासातला पाचपट धोका म्हणजे मुळात ज्याचं हृदय ठणठणीत आहे अशा पंचविशीच्या पोराचा किती? नगण्य गुणिले पाच.

रात्रपाळी
छप्पनचं बरोबर पकडलंत. तो अभ्यास मी सिगरेट हरली असं सांगायला आणला नव्हता, फुप्फुस कोरं राहत नाही एवढ्यासाठी. पण ‘त्यातले बहुतेक तंबाखूही ओढत होते’ हे वाक्य तुम्ही लिहिलंत ना, आता ते स्वतःच परत वाचा.

टपरीसम्राट
हेच! हेच म्हणणार होतो. इथं कोण शुद्ध गांजा ओढतंय? सिगरेट चोळून तंबाखू काढायची, माल कुस्करायचा, अर्धा-अर्धा मिक्स करायचा आणि परत भरायचा. किंवा पेपरमध्ये रोल, पण आत तंबाखू आहेच, नाहीतर नीट जळत नाही म्हणतात. चिलमीतसुद्धा तंबाखू घालतात. म्हणजे ‘गांजा की तंबाखू’ हा प्रश्न अमेरिकेतल्या माणसाने विचारावा, आपल्याकडे पोरगं दोन्ही एकाच कांडीत ओढतंय, आणि ती पण दम धरून. निकोटिनसुद्धा धरून ठेवतंय आत. मग सिगरेट ‘सोडलेल्या’ला सोमवारी ऑफिसच्या खाली चहासोबत तलफ येते तेव्हा त्याला वाटतं स्ट्रेस आहे.

सातपुडा_एक्सप्रेस
सगळे हुशार लोक. आमच्या गावच्या देवळात एक बाबा होते, नव्वदीपर्यंत चिलीम ओढली, साफी (चिलमीला गुंडाळायचं फडकं) ओली करून, ठणठणीत. काही होत नाही, ज्याला व्हायचं त्याला होतं.

टपरीसम्राट
बाबा दिसले कारण ते जगले. जे पन्नाशीत गेले ते देवळात बसलेले दिसणार कसे तुम्हाला. आणि साफी ओली केल्याने राख तोंडात येत नाही आणि धूर जरा गार लागतो, बस.

मिसिसागाची_मावशी
इकडे कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, दुकानात पाकिटावर टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याचा, टक्का छापलेला असतो, त्यामुळे माझा या वादाकडे बघायचा अँगल वेगळा आहे. तुम्ही सगळे छातीवर भांडताय. माझ्या मते गांजाचा खरा हिशोब डोक्याचा आहे, आणि तिथं तंबाखू स्पर्धेतसुद्धा नाही.
अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी ४ टक्के असायचं. आता इथं दुकानात २०-२५ टक्केवालं सर्रास मिळतं. २०१९ ला युरोपातल्या शहरांचा मोठा अभ्यास आला, रोज आणि १० टक्क्यांच्या वरचा स्ट्राँग माल घेणाऱ्यांत सायकोसिसचा धोका जवळजवळ पाचपट. सायकोसिस म्हणजे काय हे ज्यांनी घरात बघितलंय त्यांना विचारा, वीस वर्षांचा मुलगा म्हणतो भिंतीत कॅमेरे आहेत, आई जेवणात काहीतरी घालते. बारा-पंधरा वर्षं सिगरेट ओढून कुणाची ही अवस्था होत नाही.
अजून एक, इकडे इमर्जन्सीत पोरं उलट्या करत येतात, थांबतच नाहीत, फक्त गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की बरं वाटतं. रोज गांजा ओढल्याने होतं ते, आणि पोरांना वाटतं गांजाने मळमळ थांबते म्हणून अजून ओढतात! बंद केल्याशिवाय जात नाही.

हिरवा_कंदील
मावशी, सायकोसिसचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण घरात आजार आधीपासून असेल तर ते पोरगं गांजाकडे जास्त ओढलं जातं, हे पण कारण असतं. आणि पाचपट पाचपट सगळे म्हणतात, मूळ आकडा शंभरात एखादा. शिवाय तो रोज ओढणाऱ्यांचा अन् स्ट्राँग मालाचा आकडा आहे, महिन्यातून एकदा लोणावळ्याला ओढणाऱ्याला तो लावू नका. सवयीचंच बघायचं तर अमेरिकेतल्या अभ्यासात एकदा घेऊन पुढे व्यसन लागणारे तंबाखूत शंभरातले ६८, दारूत २३, गांजात ९. ब्रिटिशांनीसुद्धा १८९३-९४ ला हिंदुस्थानभर कमिशन फिरवलं होतं, त्यांनीही बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय नाही असंच लिहिलं.

मिसिसागाची_मावशी
अरे पण महिन्यातून एकदावाल्याची तुलना मग महिन्यातून एकदा सिगरेट ओढणाऱ्याशी कर ना! स्वतःचा गांजावाला लोणावळ्याचा घेतोस आणि सिगरेटवाला रोज एक पाकीटवाला. आणि शंभरातला एक जर माझ्या घरचा असेल तर मला उरलेले नव्व्याण्णव काय करायचेत. कुणाच्या घरात आजार आहे हे सतराव्या वर्षी त्या पोराला माहीत नसतं, आपल्या लोकांत तर काकाला ‘जरा तापट’ म्हणून झाकलेलं असतं.
१८९४ चा माल आणि आत्ताचा माल एक आहे का, हे तूच सांग. आणि तिकडे पुडीवर टक्का छापलेला नसतो.

रात्रपाळी
मावशींच्या पहिल्या ओळीला पूर्ण अनुमोदन. डोस बरोबरीचा धरला की गांजाची बाजू पटकन पातळ होते. तंबाखू एवढी मारते त्याचं मोठं कारण निकोटिन आहे. ते स्वतः कॅन्सर करतं म्हणून नव्हे, माणसाला दिवसाला वीस वेळा परत आणतं म्हणून. त्यामुळे ज्या दिवशी गांजासुद्धा रोज सकाळ-संध्याकाळ झाला, आणि मिक्स केला की तो तसाच होत जातो, त्या दिवशी कंदीलभाऊंचं ‘वीसच्या जागी एक’ संपलं.

विडीवाल्याचा_नातू
मला एक कळत नाही, महाराष्ट्रातली चर्चा आणि अजून विडी-तंबाखूचं नावच नाही? सरकारी सर्व्हेत, २०१६-१७ च्या, राज्यात धूर ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा नाहीत, खाणारे चोवीस. गुटखा २०१२ पासून बंद आहे कागदावर. इथलं दुखणं तोंडाच्या कॅन्सरचं आहे, मळून दाढेत धरलेल्या तंबाखूचं. तुमचा हा गांजा-सिगरेटचा वाद म्हणजे कोथरूड आणि हिंजवडीचा वाद आहे.
आणि विडीला कमी समजू नका. टेंभुर्णीच्या पानातून हवा जात नाही, विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, त्यामुळे सिगरेटपेक्षा लहान असून डांबर आणि निकोटिन कमी नाही, जास्तच. आजोबांच्या पायाचा अंगठा काळा पडून कापला, बर्जर्स म्हणाले डॉक्टर, तंबाखूने रक्तवाहिन्या बंद होतात तो आजार. विडी सोडली नाही तर पाय जाईल म्हणाले. सोडली नाही.

सातपुडा_एक्सप्रेस
मग भांग घ्या की सगळ्यांनी, धूरच नाही. एनडीपीएसमध्ये पण येत नाही. 😄

रात्रपाळी
फुप्फुस वाचेल, हे खरं. पण पोटातून चढायला तास-दीड तास लागतो, तोवर माणूस म्हणतो काहीच झालं नाही, अजून एक ग्लास दे. महाशिवरात्री आणि होळीला रात्री कॅज्युअल्टीत कोण येतं ते मला विचारा. छाती धडधडतेय, मी मरतोय म्हणून येतात. आणि गाडी चालवत येतात, ते वेगळंच.

नवखा_नितीन
माझा सिरियस प्रश्न. मी मिक्स ओढतो, आठवड्यात तीन-चार दिवस. बाँगमधून (पाणी भरलेल्या नळीतून) ओढलं तर पाण्यात फिल्टर होतं ना? आणि सिगरेट वेगळी ओढत नाही पण हल्ली न ओढलेल्या दिवशी झोप लागत नाही, चिडचिड होते. हे गांजामुळे की तंबाखूमुळे?

रात्रपाळी
पाणी धूर थंड करतं, साफ नाही करत. गार लागतो म्हणून उलट मोठा दम घेतला जातो. झोप आणि चिडचिड दोन्हीमुळे होऊ शकते, गांजा सोडल्यावर पहिला आठवडा झोप उडते, भूक जाते, विचित्र स्वप्नं पडतात, मग कमी होतं. तंबाखूसाठी सरकारी क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं का ते लावून बघ. गांजाचं सांगायला घाबरू नकोस, डॉक्टर पोलिसांना फोन लावत बसत नाही. वय किती तुझं? आणि घरात कुणाला मानसिक आजार?

नवखा_नितीन
बावीस. मामा आहेत, त्यांचं काहीतरी होतं, गोळ्या चालू असतात. घरी कुणी बोलत नाही त्यावर.

मिसिसागाची_मावशी
बाळा तू आईला विचार आधी मामाला नक्की काय आहे ते. आजच विचार. आणि तोवर हात लावू नकोस.

हिरवा_कंदील
नितीन, मी इथं सगळ्यांशी गांजाच्या बाजूने भांडतोय तरी तुला सांगतो, मावशींचं ऐक. मामांचं असं असेल तर तुझ्यासाठी हा वादच वेगळा आहे.
बाकी टपरीसम्राट, मिक्स करणं मूर्खपणा आहे एवढं मान्य. पण हेडिंगमधल्या प्रश्नावर मी हललेलो नाही. रोज एक पाकीट सिगरेट आणि महिन्याला एक साधा जॉइंट यात मला आजही जॉइंट कमी धोक्याचा वाटतो.

टपरीसम्राट
महिन्याला एक ओढणारा मला पुण्यात एक दाखव, हेडिंग बदलतो.